इंदिराबाईंचा उपवास आणि शेवंताबाईंचा घसा

शेवंताबाईंच्या हिशेबाने त्यांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: जास्तीची अर्धी गच्ची, सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंतचं सलग ऊन, आणि चाळीस दिवस कुणाचं एक अक्षर ऐकून न घेणं. तिन्ही फुकट. उपकारसुद्धा नाही, कारण सोडणारी देवासाठी सोडत होती. देवाला वाहिलेला नारळ पुजाऱ्याच्या घरी जातो, त्यात पुजाऱ्याचा काय दोष?

गच्ची चोपडा गावातल्या दोन जुळ्या घरांची होती. डावीकडच्या घरात शेवंताबाई, केळीच्या बागेत दिवस काढणारा मुलगा दीपक, सून कोकिळा आणि नात नूतन. उजवीकडच्या घरात एकट्या इंदिराबाई. पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढून निवृत्त झालेल्या, रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या, आणि आवाज असा की वॉर्डाच्या एका टोकाला बोलल्या तर दुसऱ्या टोकाच्या पेशंटने गोळी गिळावी. वर दोघींची मिळून एक गच्ची आणि गच्चीच्या मधोमध चुन्याची रेघ. शेवंताबाईंच्या बाजूला पाण्याची टाकी, त्यामुळे दुपारी दोननंतर तिथे सावली. इंदिराबाईंच्या बाजूला दिवसभर ऊन, आणि त्या उनात काय, तर गुलाबाच्या अकरा कुंड्या. एवढं सोन्यासारखं ऊन गुलाबाला पाजायचं, हे शेवंताबाईंच्या पोटात एकतीस वर्षं दुखत होतं. एकतीस उन्हाळे त्यांचं फडकं रेघेपलीकडे सरकत होतं आणि एकतीस उन्हाळे इंदिराबाई कमरेवर हात ठेवून "शेवंताबाई" अशी हाक घालून सुरुवात करत होत्या.

यंदाची गोष्ट मात्र पोटदुखीची नव्हती, इभ्रतीची होती. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, नूतनचं लग्न होतं. स्थळ शिरपूरचं. सुपारी फुटली तेव्हा नवऱ्या मुलाची आई भिकुबाई म्हणाल्या होत्या, "आम्हाला तुमचं काही नको. रुखवतात बिबडे तेवढे घरचे असू द्या. पाचशे पुष्कळ झाले." काही नको म्हणणारी विहीण सगळ्यात महाग पडते, हे शेवंताबाईंना त्याच क्षणी कळलं. ज्वारीचे हे पापड बाजारचे आणून ठेवावे, तर भिकुबाई बिबडा कानाजवळ मोडून त्याच्या आवाजावरून सांगत की घरचा की विकतचा. मग ते अख्ख्या शिरपुरात होणार आणि नूतनला जन्मभर ऐकावं लागणार. म्हणून पाचशे बिबडे, घरच्या ज्वारीचे, तीळ-लसूण घातलेले, उनात कडक वाळलेले. आणि टाकीच्या सावलीत बिबडा वाळत नाही, तो नुसता म्हातारा होतो.

तर बुधवारी, पाच मार्चला, इंदिराबाई चर्चमधून आल्या त्या कपाळावर राखेचा क्रूस घेऊन.

"हे काय वं, चूल फुंकली का कपाळाने?" शेवंताबाईंनी जिन्यातच विचारलं.

"राखेचा बुधवार आहे. आजपासून आमचा उपवासकाळ. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून ही राख करतात आणि फादर ती लावून सांगतात, तू मातीची आहेस, मातीतच जाशील."

"त्याला बुधवार कशाला पाहिजे? आमचा दीपक रोज संध्याकाळी मातीचाच घरी येतो." शेवंताबाई म्हणाल्या. "मग आता मटण बंद?"

"मटण तर बीपीच्या डॉक्टरने केव्हाच बंद केलं. ते देवाच्या नावावर सोडलं तर देव हसेल. गेल्या वर्षी साखर सोडली होती. चाळीस दिवस चहा कोरडा झाला, बाकी जगात काही फरक पडला नाही. आज फादर म्हणाले, जे सोडल्याने शेजाऱ्याला फरक पडेल ते सोडा." इंदिराबाईंनी एक पायरी चढून श्वास घेतला. "म्हणून मी आवाज चढवणं सोडलंय. ईस्टरपर्यंत. कुणावरच नाही."

"कुणावरच?"

"तुमच्यावर धरून. खरं सांगू का, माझ्या जिभेला सगळ्यात आवडतं काय, तर तुमच्याशी भांडण. ते ठेवून बाकीचं सोडलं तर तो उपवास कसला?"

आपण कुणाला मटणापेक्षा जास्त आवडतो, हे ऐकून शेवंताबाईंना क्षणभर लाजल्यासारखं झालं. पण क्षणभरच. घरात येऊन त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि चाळीस मोजले. बोट तेरा एप्रिलवर जाऊन थांबलं.

"कोकिळा, ज्वारी भिजत घाल. बठ्ठी गच्ची आपली शे आते, सगळी."

शेवंताबाईंचे स्वतःचे नेम चातुर्मासातले. वांगं सोडलं की चार महिने सोडलं, त्यात वाराला सूट नाही. दुसऱ्याच्या देवाचाही नेम आपल्यासारखाच असणार असं त्यांनी धरून टाकलं, आणि हिशेब इथेच फसला.

ज्वारी तीन दिवस भिजते. तोवर त्यांनी रेघेची परीक्षा घेतली. गुरुवारी मिरच्यांचं एक सूप पलीकडे सरकवलं. इंदिराबाई वर आल्या, सुपाकडे पाहिलं, कमरेकडे निघालेले हात मागे बांधले आणि म्हणाल्या, "छान वाळतील." शुक्रवारी दोन लुगडी भरून गहू गेले. इंदिराबाईंनी गळ्यातल्या माळेचे मणी मोजले. शनिवारी शेवंताबाईंनी गुलाबाच्या अकरा कुंड्या उचलून जिन्याच्या कठड्यापाशी पोलिओच्या लायनीसारख्या उभ्या केल्या. इंदिराबाईंचा चेहरा पिकत आलेल्या टोमॅटोसारखा झाला, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "त्यांना संध्याकाळी पाणी घाला."

"आई, जरा दमानं," कोकिळा म्हणाली. "दाबलेला कुकर आहे तो."

"शिट्टी काढून ठेवलीय त्याची," शेवंताबाई म्हणाल्या.

रविवारी पहाटे चारला मोठ्या पातेल्यात ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजला. सगळ्यांनी वर तेल घेऊन वाटी वाटी गरम घाटा खाल्ला, आणि सात वाजेपर्यंत सासू-सुनेने ओल्या लुगड्यांवर एकशेवीस बिबडे थापले. रेघ कुठे आहे ते शोधावं लागलं असतं, इतके.

साडेनऊला इंदिराबाई चर्चमधून आल्या. कडक इस्त्रीची पांढरी साडी, केसात अबोली. जिना चढल्या, पर्स टाकीवर ठेवली, हात कमरेवर घेतले आणि सुरू झाल्या.

"शेवंताबाई, ही गच्ची तुमच्या बापाने आंदण दिली का?"

तिथून पुढे जे झालं त्यात तीन दिवसांची पूर्ण थकबाकी होती. मिरच्या आल्या, गहू आले, प्रत्येक कुंडी वेगळी आली. गल्लीतले लोक दात घासता घासता बाहेर आले. शेवटी शेवंताबाई म्हणाल्या, "अवं, तुमचा उपवास?"

"आज रविवार आहे."

"मग?"

"रविवार उपवासात धरत नाहीत. येशू रविवारी उठला, त्या दिवशी कोण उपवास करतं? बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजा, सेहेचाळीस दिवस भरतात. सहा रविवार वजा करा, चाळीस. आता ते लुगडं उचला."

शेवंताबाईंनी उचललं. अर्धे ओले बिबडे एकमेकांना असे चिकटले की काही जन्मभर सुटणार नव्हते. हाती लागले सत्तर. त्या रात्री त्यांनी कॅलेंडर पुन्हा मोजलं. सेहेचाळीसच भरले. बाई खोटं बोलत नव्हती.

पण शेवंताबाई हरणाऱ्यातल्या नव्हत्या. चाळीस ते चाळीसच होते, फक्त मध्ये सहा खड्डे होते, आणि खड्डा कुठे आहे ते माहीत असलं की गाडी वाचवता येते. पुढच्या शनिवारी संध्याकाळी त्यांनी सगळं आपल्या हद्दीत ओढलं, कुंड्या जागेवर लावल्या, पाणी घातलं, गच्ची झाडून काढली. रविवारी इंदिराबाई हात कमरेवर ठेवूनच वर आल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. कुंड्या मोजल्या. अकरा. रेघेवरून पाऊल पाऊल टाकत गेल्या. मग टाकीला टेकून बसल्या आणि हात कमरेवरून गळाले.

"एक तरी सूप ठेवायचं होतं, शेवंताबाई," त्या हळूच म्हणाल्या. "आठवडाभर वाट बघितली मी."

शेवंताबाईंना ते बघवेना. सणाच्या दिवशी शेजारीण उपाशी बसलीय असं वाटलं. त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या त्या तिसऱ्या गुलाबाला कीड लागलीय. तुमच्याच्याने होत नसेल तर उपटून टाका."

इंदिराबाईंचे डोळे चमकले. अर्धा तास दोघी तब्येतीत भांडल्या आणि दोघींनाही दुपारी झकास झोप लागली.

सोमवारी दुसरा घाणा होता. पहाटे पाचला जिन्यात पावलं वाजली आणि इंदिराबाई हात धुऊन, पदर खोचून थापायला बसल्या.

"तुम्ही कशाला?" शेवंताबाई दचकल्या.

"नुसतं सोडून भागत नाही. उपवास, प्रार्थना आणि दान, असे तीन पाय असतात या काळाला. तुमच्याशी भांडण्यात माझा रोजचा तास जायचा. तो वाचला तो कुणाला तरी द्यायला हवा. फादरना विचारलं. म्हणाले, ज्याच्यापासून वाचला त्यालाच द्या."

आता बिबड्यांचा आपल्याकडे रिवाज असा की थापायला आलेले हात फेडावे लागतात. आज ती माझ्याकडे, उद्या मी तिच्याकडे. नाही गेलं तर बायका वर्षभर नाव ठेवतात. आणि इंदिराबाईंकडे बिबडे होत नाहीत.

"मी हे फेडू कशी?" शेवंताबाईंनी विचारलं.

"फेडायचं नाही. परत घेतलं तर ते दान कसलं?"

हे शेवंताबाईंना शिवीपेक्षा लागलं. शिवीला उलट शिवी देता येते. इंदिराबाई मात्र गोळ्या मोजल्यासारखे एका मापाचे बिबडे थापत राहिल्या. नऊपर्यंत शंभर झाले, रेघ ओलांडून, दोन्ही बाजूंनी. शेवंताबाई खाली येऊन जरा आडव्या झाल्या.

अकरा वाजता नूतन जिन्यातून ओरडत आली, "आजी, वानरं उनात, गच्चीवर आलीत."

सातपुड्यातली काळ्या तोंडाची वानरं उन्हाळ्यात चोपड्यात उतरतात, हे काही नवीन नव्हतं. पण या गच्चीवर ती कधी आली नव्हती. आज चौदा होती. शेपट्या खाली सोडून कठड्यावर पंगतीसारखी बसली होती, आणि अर्धा वाळलेला बिबडा दोन हातांत धरून, तीळ वेचून, मन लावून खात होती. एक भला मोठा हुप्प्या टाकीवर बसून देखरेख करत होता. शेवंताबाईंनी काठी आपटली, ताट बडवलं, कोकिळेने फटाका लावला. वानरं थोडी सरकली आणि फटाक्याकडे कौतुकाने बघून पुन्हा बसली. शंभरातले तीस वाचले.

संध्याकाळी बागेतून आलेल्या दीपकने सगळं ऐकून घेतलं आणि पाय धुता धुता म्हणाला, "आई, इतकी वर्षं ती वानरं या गच्चीला का भीत होती, ते आज कळलं का?"

शेवंताबाईंना कळलं होतं. एकतीस वर्षं ज्या आवाजाला त्या कटकट म्हणत होत्या, तो त्यांच्या बिबड्यांचा राखणदार होता. फुकटचा, बिनपगारी, आणि आता उपवासाला बसलेला.

त्या उजवीकडच्या दारात गेल्या. "इंदिराबाई, वानरांवर आवाज चढवायला तुमच्या देवाची हरकत नसेल. ती काय माणसं आहेत?"

"वानराची हरकत नाही, माझ्या जिभेची आहे. बिडी सोडलेल्या माणसाला एक झुरका देऊन बघा. वानरावरून सुरू झालं की तुमच्यापर्यंत यायला मला किती वेळ लागेल?"

मग शेवंताबाईंनी दुसरी वाट धरली. तीन दिवस त्यांनी इंदिराबाईंना चिथावलं. त्यांच्या गुलाबांना बाभूळ म्हटलं, चहाला काढा म्हटलं, इस्त्रीच्या साडीला वॉर्डातली चादर म्हटलं. इंदिराबाई लाल व्हायच्या, मणी मोजायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "तुमच्यासाठी प्रार्थना करीन."

राहता राहिले रविवार. शेवंताबाईंनी तेही मोजून पाहिले. येत्या रविवारी इंदिराबाई दोन दिवसांच्या प्रार्थनाशिबिराला भुसावळला. त्यापुढच्या रविवारी गुढीपाडवा. दारात गुढी उभी असताना घाटा कोण शिजवतं? त्यापुढच्या रविवारी रामनवमी. त्यापुढच्या रविवारी झावळ्यांची मिरवणूक, त्यात इंदिराबाई दुपारपर्यंत शिंदीची झावळी घेऊन चालणार. मग एकदम ईस्टर, आणि तिथून आखाजीला जेमतेम दहा दिवस, त्यात हळद, मांडव, पाहुणे. हाती बिबडे शंभर. हवे पाचशे.

नूतन म्हणाली, "आजी, विकतचे आणू. मी ऐकून घेईन त्यांचं." ती हसत म्हणाली, पण हसू ओठांपर्यंतच आलं. शेवंताबाई रात्रभर कूस बदलत राहिल्या.

सकाळी इंदिराबाई आपणहून आल्या. "मी ओरडू शकत नाही. पण ओरडायला शिकवू शकते."

शिकवणी गच्चीवर झाली. इंदिराबाई कुजबुजत सांगायच्या आणि शेवंताबाई करायच्या. "घशातून नाही, पोटातून. बेंबीला ओढ लागली पाहिजे. पेशंट सलाइन ओढून पळतोय असं समजा." शेवंताबाईंनी पोटातून "हाड" म्हटलं. कठड्यावरच्या वानरिणीने पिल्लाच्या डोक्यातली ऊ काढली आणि खाल्ली.

"आवाज आहे," इंदिराबाई विचार करत म्हणाल्या. "पण शब्द त्यांच्या ओळखीचे नाहीत. मी कधी हाड म्हणतच नव्हते. मी काय म्हणायचे?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"नाही," शेवंताबाई म्हणाल्या.

"पाचशे बिबडे आहेत," इंदिराबाई म्हणाल्या.

शेवंताबाईंनी हात कमरेवर ठेवले, डोळे मिटले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक घातली, "शेवंताबाई."

चौदाच्या चौदा शेपट्या ताठ झाल्या.

"शेवंताबाई, तुमचं फडकं कुठवर आलंय? डोळे फुटले का?"

वानरांनी उड्या टाकल्या. एकतीस वर्षं त्यांच्या आया आणि आज्या या हाकेला भिऊन लांब पळत होत्या. नातवंडांच्या रक्तात ती उतरली होती. पण अर्ध्या तासाने वानरं परत आली, आणि मग खरी गंमत कळली. शेवंताबाईंनी आपल्यावर एक बनावट आळ घेतला, तर आवाज पोकळ निघाला आणि वानरं जागची हलली नाहीत. खोट्याला पोटातून जोर येत नाही. जोर यायचा तो खऱ्याला.

आणि खऱ्याचा साठा, देवाच्या दयेने, भरपूर होता.

तर सत्तावीस मार्चला गल्लीने पाहिलं ते असं: शेवंताबाई कमरेवर हात ठेवून स्वतःलाच जाब विचारत होत्या. "शेवंताबाई, तुमच्या हळदीचा डाग इंदिराबाईंच्या चादरीला लागला आणि तुम्ही पावसाचं नाव सांगितलं, लाज नाही वाटली?" वानरं पळाली. "शेवंताबाई, सातवी कुंडी मांजराने फोडली म्हणून सांगत होतात, मांजराने का?" वानरं पळाली. "शेवंताबाई, नाताळचा केक येतो, त्यात अंडं असतं म्हणून सात वर्षं तो शेतावरच्या म्हशीला घातला, आणि वर मऊ झालाय म्हणून सांगितलंत."

इंदिराबाई कोपऱ्यात बिबडे उलटत बसल्या होत्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "म्हैस काय म्हणाली?"

"तिला आवडायचा," शेवंताबाईंनी खाली बघून सांगितलं.

शंभर बिबडे कडकडीत वाळले. घसा असा बसला की चार दिवस त्या खुणांनी स्वयंपाक सांगत होत्या. घसा सुटला की पुढचा घाणा. तीन एप्रिलला शंभर, नऊ एप्रिलला शंभर. गल्लीतले लोक आता खुर्च्या घेऊन बसायचे. समोरचा झिपरू शिंपी मशीन बंद ठेवून ऐकायचा. त्याच्याकडे शिवायला टाकलेलं ब्लाऊज फाटकं निघालं म्हणून शेवंताबाईंनी पूर्वी त्याचे पैसे कापले होते, ते ब्लाऊज त्यांनी स्वतः खिळ्याला फाडलं होतं, हे त्याला नऊ तारखेला कळलं. "माझ्या बायकोला पण बसवा हो या उपवासाला," तो खालून म्हणाला.

"उपवास माझा चाललाय," इंदिराबाई वरून शांतपणे म्हणाल्या.

"तसं दिसत नाही," झिपरू म्हणाला.

शेवटचा घाणा सोळा एप्रिलला, ईस्टरच्या आधीच्या बुधवारी. शंभर बिबडे लुगड्यांवर, नूतन जिन्यात काठी घेऊन. दुपारपर्यंत शेवंताबाईंनी नणंदेचा डबा, भिशीतली चिठ्ठी, जाऊबाईंच्या लोणच्यात टाकलेलं जास्तीचं मीठ, सगळं ओरडून संपवलं. वानरं दर वेळी जायची आणि दर वेळी जरा लवकर परतायची. दोन वाजता तो मोठा हुप्प्या टाकीवर येऊन बसला आणि बाकीची त्याच्या मागे रांगेने. शेवंताबाईंनी तोंड उघडलं. पोटात हात घालून चाचपडलं. खरं असं काही उरलंच नव्हतं.

म्हणजे एक उरलं होतं.

त्यांनी इंदिराबाईंकडे पाहिलं. त्या पालथी मांडी घालून, पहाटेपासून दुखणारी बोटं चोळत, विहिणीच्या घरी जायच्या बिबड्यांना वारा घालत होत्या. हुप्प्याने एक पाय खाली टाकला. नूतनने काठी घट्ट धरली. तिच्या चेहऱ्यावर ते ओठांपर्यंतचं हसूही नव्हतं.

"शेवंताबाई," शेवंताबाईंचा आवाज निघाला तो बेंबीच्याही खालून, "दर दिवाळीला गच्चीची रेघ तुम्ही रंगवता आणि दर दिवाळीला एक बोट पलीकडे सारता. एकतीस दिवाळ्या. चोर आहात तुम्ही."

हुप्प्या टाकीवरून थेट कडुनिंबावर, कडुनिंबावरून तारेवर, तारेवरून दिसेनासा झाला. बाकीची त्याच्या मागे. ती पुन्हा आली नाहीत.

इंदिराबाईंनी हातातला बिबडा खाली ठेवला. रेघेकडे पाहिलं. आपल्या कुंड्यांकडे पाहिलं. मग पदर झटकून जिना उतरल्या आणि दार लावून घेतलं.

गुरुवारी त्या दिसल्या नाहीत. शुक्रवारी, येशूला क्रुसावर दिलं त्या दिवशी, अनवाणी चर्चला गेल्या आणि दुपारी तशाच आल्या. कोकिळेने ताक नेलं तर म्हणाल्या, "आज पाण्याशिवाय काही नाही." शनिवारी घरात चिडीचूप. शेवंताबाई तीन दिवस कॅलेंडरसमोर उभ्या राहत होत्या. पाचशे बिबडे डब्यात भरून झाले होते, तरी त्यांना घास उतरत नव्हता. एकतीस वर्षांचं एक भांडण चार दिवस दाबून ठेवल्यावर ते केवढं होतं, याचा त्या अंदाज घेत होत्या. त्याहून मोठी भीती दुसरी होती: बाई भांडायला आलीच नाही तर?

रविवारी पहाटे चर्चची घंटा वाजत राहिली. साडेनऊला जिन्यात पावलं आली. शेवंताबाई आधीच वर जाऊन उभ्या होत्या. इंदिराबाईंच्या एका हातात केकचं ताट होतं, दुसऱ्या हातात सुतळी.

"बिनअंड्याचा आहे," त्या म्हणाल्या आणि ताट टाकीवर ठेवलं. मग हात कमरेवर गेले. "शेवंताबाई."

ते भांडण गल्लीत अजून सांगतात. पावणेदोन तास. चाळीस दिवस धुऊन, घासून, धार लावून ठेवलेला आवाज होता तो. मधे शेवंताबाईंनी दोनदा चहा आणला, एकदा खुर्ची. त्या स्वतः जमिनीवर बसून, केक खात, दर वाक्याला "बरोबर आहे" म्हणत होत्या, त्यामुळे इंदिराबाईंना आणखी चेव येत होता. सातपुड्यापर्यंत एक वानर दिसत नव्हतं. शेवटी इंदिराबाई थांबल्या, धापा टाकत हसल्या आणि सुतळीचं टोक शेवंताबाईंच्या हातात देत म्हणाल्या, "धरा. मापून घेऊ."

मापलं. एकतीस बोटं भरली, म्हणजे सवा हात आणि वर एक बोट. दीपकने चुना कालवला आणि नवी रेघ कोकिळेने ओढली, कारण सासूबाईंवर आता कुणाचाच भरवसा नव्हता.

आखाजीला लग्न लागलं. रुखवतासमोर भिकुबाईंनी एक बिबडा उचलला, कानाजवळ मोडला, खाल्ला, दुसरा उचलला आणि म्हणाल्या, "घरचे आहेत. तीळ जरा कमी पडले." तीळ वानरांनी वेचले होते, पण ते कुणी सांगितलं नाही.

तर एकूण जमाखर्च असा. पाचशे बिबडे शिरपूरला गेले, नूतनची मान ताठ राहिली. सत्तर वानरांनी खाल्ले, पन्नास पहिल्या रविवारी चिकटले. ते कुणाच्या खात्यावर टाकायचे यावर अजून वाद आहे आणि तो दर रविवारी होतो. इंदिराबाईंना सवा हात गच्ची मिळाली, वर एक बोट. झिपरूला ब्लाऊजचे पैसे मिळाले. उपवास चर्चच्या वहीत इंदिराबाईंच्या नावावर गेला. प्रायश्चित्त मात्र शेवंताबाईंनी भरलं, सगळं, रोख, आणि भर दुपारी गच्चीवर उभं राहून.